कार्डाच्या मागची बाजू

१ फेब्रुवारी २००४, रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. खालच्या मजल्यावरच्या जेवणघरात, काळ्या मसाल्याच्या रश्श्याचे पातेले अर्ध्यावर आलेले असताना, असे ठरले की नवे यंत्र पाहून घेण्यासाठी चीनला मयूर जाईल आणि मी तयार केलेली सहाशे चाळीस कार्डे त्याच्या हवाली केली जातील. आमच्या घरात गोष्टी ठरत असत. त्या कोणी ठरवीत आहे असे कधी दिसत नसे. प्रत्यक्षात अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढेच म्हटले, "मयूर जाऊन येईल. मनूची ती कार्डं आहेतच घरात." आणि ताट काकूंपुढे सरकवले. मी घड्याळाकडे पाहिले, कारण त्या वर्षांत वेळ टिपणे हा माझ्या हाताचा धर्म झाला होता. राग आला की मी बोलत नसे, मोजत असे. त्या दिवशी मात्र बोलले.

"अण्णा, चिनी मला वाचता येतं. मीच गेले तर?"

"तू?" अण्णा हसले. त्यांचे हसणे वाईट नव्हते, हे मी आजही मान्य करते. "पोरी, तू गेलीस तर मला इथं झोप लागायची नाही. एकटी मुलगी, कुठला मुलूख, काय खातात, काय नाही."

"मयूर एकटाच जातोय ना?"

"मयूरचं वेगळं आहे." 

"आणि तुझी परीक्षा आहे की एप्रिलमध्ये," मयूर म्हणाला. माझ्या परीक्षेची आठवण त्याला आयुष्यात प्रथमच झाली होती. "पुढच्या वेळेला तू."

"हो, पुढचं मग बघू," अण्णा म्हणाले. 'मग बघू' या दोन शब्दांनी आमच्या घरात काय काय मिटवले गेले याची मी कधी यादी केली नाही. केली असती तर माझे विज्ञानाकडे जाणे, आईचे शिवणाचे दुकान आणि बाबांची भागीदारी या तीन नोंदी सुरुवातीलाच आल्या असत्या. पहिली तेवढी मी भांडून सोडवून घेतली होती.

अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. देवळ्याला कांद्याचा व्यापार करता करता ते नाशकात आले, अंबडला त्यांनी शेड घेतली आणि पनेट बनवायला सुरुवात केली. परदेशी जाणारी द्राक्षे ज्या पारदर्शक, भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, ते पनेट. बाबा त्याच शेडमध्ये उत्पादन पाहत. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर अण्णा, काकू आणि त्यांचा मुलगा मयूर. वर आई, बाबा आणि मी. रविवारचे जेवण खाली होई. काकू ओट्यावर कांदा ठेवून बुक्कीने फोडत, तो आवाज वरपर्यंत येई आणि आई म्हणे, "चला, कांदा फुटला." हंगामात बागाईतदारांकडून मणी गळालेल्या घडांच्या पाट्या घरी येत. न्याहारीला द्राक्षे, दह्यात द्राक्षे, गच्चीवर वाळत घातलेली द्राक्षे. फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या घराला आंबूस गोड वास असे आणि जिन्यात मुंग्यांची रांग. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत होते. अण्णा पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "आमची मनू केमिस्ट्रीत पहिली आली." मग मला चहा करायला पाठवत. या दोन वाक्यांत त्यांना कोणतीही विसंगती जाणवत नसे.

चिनी लिपी माझ्या आयुष्यात आली ती एका भाजलेल्या तळहातामुळे. अण्णांनी कुठून तरी एक जुने चिनी यंत्र मिळवले होते. प्लास्टिकचा पत्रा तापवायचा, साच्यावर ओढायचा, हवा शोषून घ्यायची, गार करायचा, की पनेट तयार. यंत्राच्या पाटीवर सव्वीस बटणे होती आणि त्यांच्याखाली चिनी चिन्हे. पुस्तकही चिनीतच. फिटरने चाचपडत चाचपडत कोणते बटण काय करते ते शोधले आणि काकूंची नेलपॉलिश घेऊन त्यावर ठिपके दिले. उन्हाने आणि तेलाच्या हातांनी ते ठिपके पुसट झाले. हरसूलकडचा काशिनाथ हे यंत्र चालवीत असे, चाळिशीचा, शांत स्वभावाचा माणूस. एके दिवशी त्याने गार करण्याचे म्हणून तापवण्याचे बटण दाबले आणि साच्यावर हात ठेवला. मी शेडमध्ये गेले तेव्हा त्याचा हात पाण्याच्या बादलीत होता. "ताई, माजं चुकलं," तो म्हणाला, "लाल कोन्ता नि गुलाबी कोन्ता, कळंच ना." ज्याला वाचता येईल असे काहीच समोर नव्हते त्याने वाचण्याची चूक कबूल करावी, याचा मला पहिला राग आला. तो यंत्राचा नव्हता.

मेन रोडच्या मागच्या रद्दीच्या दुकानात मला एक चिनी-इंग्रजी शब्दकोश मिळाला. त्याच्या शेवटी मूलद्रव्यांची सारणी चिनीत छापली होती, आणि मी रस्त्यातच थांबले. वायुरूप मूलद्रव्यांच्या डोक्यावर हवेचे चिन्ह. धातूंच्या डावीकडे धातूचे. कर्ब, गंधक, सिलिकॉन यांच्या कडेला दगड. ब्रोमीनला पाणी, आणि पाण्याशेजारी दुर्गंध. पारा धातू खरा, पण द्रवरूप, म्हणून त्याच्या तळाशी पाणी. लोक ज्याला हजारो रेघांचे जंगल म्हणत होते त्यात मुळाशी जेमतेम दोनशे घटक होते, आणि ते पुन्हा पुन्हा, ठरावीक जागी येत होते. हे रेणूंसारखेच होते. मी घरी येऊन यंत्राच्या पाटीची नक्कल समोर ठेवली. 冷, गार: डावीकडे बर्फाचे दोन थेंब. 温, कोमट: डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे सूर्य, सूर्याखाली भांडे, अंगणात उन्हाला ठेवलेले आंघोळीचे पाणीच ते. 热, तप्त: तळाशी आगीचे चार थेंब. दोन, तीन आणि चार थेंब ओळखता आले असते तर काशिनाथचा तळहात शाबूत राहिला असता.

दुसऱ्या दिवसापासून मी कार्डे करू लागले. पनेटच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून पुढे चिन्ह, मागे त्याचे घटक आणि ते घटक जोडणारी एक छोटी गोष्ट. नापास झालेल्या पनेटमध्येच ती रचून ठेवी. प्रत्येक गठ्ठा एक दिवसाने, तीन दिवसांनी, आठवड्याने आणि एकवीस दिवसांनी पुन्हा पाहायचा. दाखवलेली किती, ओळखलेली किती, हे वहीत लिहायचे. दोन महिन्यांत आकडे एका विचित्र दिशेने झुकले. सर्वसाधारण, सोज्वळ गोष्टी लिहिलेली चाळीस कार्डे: एकवीस दिवसांनी सतरा ओळखली. आमच्या घरातली माणसे, आणि तीही मला ज्या क्षणी असह्य झाली त्या क्षणी, ज्या गोष्टींत होती अशी चाळीस कार्डे: अडतीस. मी वाद घातला नाही, आकड्यांचे ऐकले. तेव्हापासून मागच्या बाजूला मी फक्त खरे लिहू लागले.

आता वाचताना त्यातली काही कार्डे क्रूर वाटतात. 家 म्हणजे घर. वर छप्पर, खाली डुक्कर. मागे लिहिले होते: 'छपराखालचे डुक्कर सगळ्यांच्या आधी जेवायला बसते आणि नंतर बायका बसतात.' 新 म्हणजे नवे. डावीकडे झाडावर ताठ उभे राहिलेले काही, उजवीकडे कुऱ्हाड. मागे: 'मयूरची नवी मोटारसायकल लावायला जागा हवी म्हणून आईचा उभा शेवगा तोडला.' 冷 मध्ये बर्फाच्या शेजारी जे चिन्ह आहे त्याचा अर्थ आज्ञा. मागे: 'अण्णांचा हुकूम सुटला की बाबा गार पडतात.' क्रूर आहेत, आणि बावीस वर्षांनंतरही मला त्यातले एकही आठवावे लागत नाही.

काशिनाथला मी पाटीवरची सव्वीस चिन्हे शिकवली, अर्थातच खऱ्या गोष्टींसकट. तो चौथी शिकलेला होता. पाच दिवसांत त्याने सव्वीसच्या सव्वीस ओळखली, आणि शेडमध्ये कोणी नसले की मला सांगे, "ताई, आज शेटनी लई हुकूम सोडलं, पार बरफ झाला बगा," आणि गार करण्याचे बटण दाबून हसत राही. नेलपॉलिशचे ठिपके त्याने स्वतः रॉकेलने पुसून टाकले. माझ्या मते हा माझा पहिला यशस्वी प्रयोग होता, एम.एस्सी.च्या प्रबंधाच्या कितीतरी आधीचा.

तर त्या रविवारी ताटे उचलायच्या आत मयूर वर गेला आणि सोळा पनेट घेऊन खाली आला. मी हो म्हटले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. त्याने एक झाकण उघडले, कार्ड उलटे केले आणि त्याचा चेहरा फुलला.

"अण्णा, ऐका ऐका. 'छपराखालचे डुक्कर सगळ्यांच्या आधी जेवायला बसते.'"

काकू पदर तोंडाला लावून हसू लागल्या. अण्णाही हसले. "डुक्कर कोण गं, मनू?"

"चिन्हातच आहे ते," मी म्हटले. "मयूर, ठेव ती खाली."

"थांब गं. हे बघा, हे माझं! शेवगा! अगं, एवढ्याशा झाडाचा राग अजून आहे?" त्याने दहा-बारा कार्डे भराभर उलटली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने नळ मोठा सोडला. "आणि हे... 'वर कारखाना, खाली माती, मातीत अडकलेला एक ठिपका. तो ठिपका म्हणजे माझे..."

तो थांबला. वाचायचा थांबला, पण उशीर झाला होता. ते 压 होते, दाब. पनेटच्या यंत्रावरचे सर्वांत मोठे चिन्ह. पुढचा शब्द 'बाबा' हा होता आणि तो समोर बसलेल्या प्रत्येकाने मनात वाचला. नळ चालूच होता. बाबांनी ताटातला उरलेला भात नीट गोळा केला, खाल्ला, हात धुतला आणि ते वर निघून गेले.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ते व्यवस्थापकाच्या आवाजात म्हणाले, "डोकं आहे तुला, यात वाद नाही. पण हे असलं घेऊन पोरगा परदेशात कसा जाईल? कुणी मराठी माणूस भेटला, त्यानं वाचलं, तर? सगळी नव्यानं लिहून दे. चारचौघांत वाचता येतील अशा गोष्टी घाल. सहा आठवडे आहेत. आणि मयूरला रोज तासभर शिकव."

वर गेल्यावर मी बाबांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. क्षमा मागायची माझी तयारी होती. बाबांवर लिहिलेली तीच एक गोष्ट त्या दिवशी मला चुकीची वाटत होती. बाबा खाटेवर बसून पायमोजे काढत होते.

"तो ठिपका कुठे असतो गं? डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे," मी म्हटले. "मातीच्या खालच्या रेघेच्या जरा वर."

"हं." त्यांनी पायमोजे एकात एक गुंडाळले. "मी रोज बघतो ते बटण. ठिपका कधी दिसलाच नव्हता."

मी ती सहाशे चाळीस कार्डे नव्याने लिहून दिली. का दिली, हे मला माझ्या विद्यार्थिनी विचारतात, आणि मी त्यांना काहीतरी सांगते. आई म्हणाली होती, "दे ना लिहून, मने. काम तुझं आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे की." मी तिला विचारले होते, "कोणाकोणाला?" ती परातीतली बाजरी मळत राहिली. खरे कारण असे की मला प्रयोग बघायचा होता. दाब झाला धरणाच्या भिंतीखालची माती. गार झाले हिमालयातल्या शिपायाला मिळालेली आज्ञा. नवे म्हणजे जंगल साफ करून वसवलेले नवे गाव. घराच्या छपराखालचे डुक्कर समृद्धीचे प्रतीक बनले. ही कार्डे कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लावता आली असती.

मी मयूरला प्रामाणिकपणे शिकवले. एकही अर्थ चुकवून लिहिला नाही, एकही घटक लपवला नाही. तो मोह रोज होत होता आणि रोज मी तो बाजूला ठेवत होते, कारण खोट्या नोंदींची वही मला सहन झाली नसती. तो मूर्ख नव्हता. त्याला त्याची गरज नव्हती, इतकेच. शिकवणीच्या तासाला तो टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू ठेवी. घटक मात्र त्याला बऱ्यापैकी जमले: पाणी, आग, झाड, शेत, पंख, कुऱ्हाड. चिन्हाचे तुकडे सांगता येत, पूर्ण चिन्ह म्हटले की गोंधळ. जाण्याच्या आदल्या दिवशी मी शंभर कार्डे दाखवली. तेवीस ओळखली. त्यातल्या नऊ वेळा त्याने उत्तर देताना माझी जुनी गोष्ट सांगितली, नवी नाही.

मी वही अण्णांपुढे ठेवली. "शंभरात तेवीस," मी म्हटले.

"वेळ कमी मिळाला त्याला," अण्णा म्हणाले. "आणि तिथे त्यांचा दुभाष्या आहे. ही कार्डं म्हणजे आपली आधाराची काठी. तू असं कर, तो तिथे असेल ते तीन दिवस माझ्या केबिनमध्ये फोनजवळ बस. काही अडलं तर तो तुला विचारेल." मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी समजुतीने जोडले, "म्हणजे बघ, तूसुद्धा गेल्यासारखीच."

केबिनला काचेची खिडकी होती आणि त्यापलीकडे शेड. यंत्राचा श्वास आणि मग ठोका, श्वास आणि ठोका, दर आठ सेकंदांनी. पहिले दोन दिवस फोन आला तो जेवणाच्या तक्रारीचा. मी प्रबंधाचे आलेख काढत बसले होते. काशिनाथने काचेतून डोकावून विचारले, "ताई, तुमी गेल्या नाय? मंग तितं वाचनार कोन?" मी म्हटले, "मी इथूनच वाचणार." तो म्हणाला, "डोळं इतं नि पाटी तितं. असं कुटं हाय का?" आणि कामाला गेला.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी फोन वाजला. अण्णांनी स्पीकर लावला. बाबा उत्पादनाचा तक्ता घेऊन आत आलेले होते, ते दाराशीच थांबले.

"अण्णा, मशीन झकास आहे," मयूर ओरडून बोलत होता; मागे यंत्रांचा गोंगाट होता. "चालवून दाखवली. सही आत्ताच करायचीय, दुसरं गिऱ्हाईक बसलंय म्हणतात. एकच शंका आहे. मागच्या पत्र्यावर रंग मारलाय, त्याखाली काहीतरी कोरलेलं लागतंय हाताला. नखानं खरवडलं. सहा चिन्हं आहेत, पुढे आकडे. दुभाष्या म्हणतो, नुसती कारखान्याची तारीख आहे. मनू आहे का?"

"आहे," मी म्हटले. "एकेक सांग. घाई करू नकोस."

"पहिलं झाड. बुंध्याशी आडवी रेघ."

"पुढे."

"परत झाड, बारीक, डावीकडे. उजवीकडे पाटासारखं, दोन पायांचं."

"पुढे."

"हे मोठंय. डावीकडे खाली शेत, चौकोन. शेताच्या वर तांदूळ, त्यावर तिरकी रेघ. आणि उजवीकडे पंख. दोन."

मी लिहीत होते. हात थांबला. तांदूळ, शेत आणि पंख: 翻. उलटणे, पालथे घालणे. ते एकटे क्वचितच येते. त्याच्या पुढे काय येते यावर सगळे अवलंबून असते.

"आणि चौथं मला येतं!" मयूर हसला. "शेवगा! ताठ उभं, खाली झाड, उजवीकडे कुऱ्हाड. नवं! बघ, तुझी शिकवणी फुकट नाही गेली. पाचवं सूर्य. सहाव्यात उजवीकडे चंद्र आणि डावीकडे सुपासारखं काहीतरी. म्हणजे तारीखच ना? नवीन मशीनची तारीख. अण्णा, स्वच्छ 'नवं' लिहिलंय. करतो सही."

"कर," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "बरोबर आहे ना गं?"

सहाही चिन्हे माझ्यासमोर कागदावर होती. 本机翻新日期. हे यंत्र, उलटून नवे केल्याची तारीख. जुन्या यंत्राला दुरुस्त करून, रंग मारून नवे म्हणून उभे करतात, त्याचा सरळ, प्रामाणिक, कोणीतरी पुसायला विसरलेला शब्द. 'उलटणे' आणि 'नवे' या दोनांपैकी मयूरला एकच चिन्ह येत होते आणि नेमके तेच त्याला खड्ड्यात घालत होते. मला अजूनही वाटते की काहीच न येणाऱ्या माणसाने तिथे सही करण्याआधी अधिक विचार केला असता.

"मयूर, सही करू नकोस," मी म्हटले.

"का? नवं लिहिलंय ना?"

"सही करू नकोस."

"अगं, काय लिहिलंय ते सांग!" अण्णा खुर्चीतून पुढे झुकले.

त्या क्षणापर्यंत मी काही ठरवले नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे. नंतर घरात असे बोलले गेले की मी आठवडाभर हा डाव रचत होते. मी फक्त अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर काळजी होती, घाई होती, आणि उत्तर मिळणारच याची खात्री होती. नळ सोडला की पाणी येणार, तशी.

"मी तिथे जाऊन वाचेन," मी म्हटले. "पुढच्या खेपेला यंत्र बघायला मी जाणार, हे आधी सांगा."

"आधी वाच. मग बघू."

"मग नाही वाचत."

फोनमधून मयूर "हॅलो, हॅलो" करीत होता. अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "घरच्यांशी सौदा करतेस, मनीषा?"

"घरच्यांशीच करतेय. बाहेरच्यांशी करायला तुम्ही मयूरला पाठवलंय."

अण्णांनी दाराकडे पाहिले. "सांग तुझ्या पोरीला," ते बाबांना म्हणाले.

बाबा आत आले. तक्ता त्यांनी टेबलावर ठेवला, कडेला कड जुळवून, जसा ते रोज ठेवत. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मला वाटले, आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, वाच बाळा. ते फोनकडे वळले.

"मयूर," बाबा म्हणाले, "सही करू नको. मनू सांगतेय ना. तेवढं पुरे आहे. ती सहा चिन्हं कागदावर उतरव, हातानं, जशीच्या तशी, आणि परत ये."

मयूर परत आला. मुंबईत कोणाकडून तरी त्याने तो कागद वाचून घेतला आणि अण्णांना काय कळायचे ते कळले. त्या यंत्राचे नाव आमच्या जेवणघरात पुन्हा निघाले नाही. अण्णांनी दोन वर्षांनी भारतीय बनावटीचे यंत्र घेतले. मला कोणी चीनला पाठवले नाही; सात वर्षांनी माझ्या प्रयोगशाळेच्या कामासाठी मी माझी गेले. नव्या, सोज्वळ कार्डांचे पनेट काकूंनी एके दुपारी वर आणून दिले. "अण्णांनी दिलेत," त्या म्हणाल्या, आणि जिन्यात जरा थांबून हलक्या आवाजात म्हणाल्या, "जुनी आहेत का गं तुझ्याकडे? ती डुकराची?" होती. मी त्यांना ते एक कार्ड दिले.

राग ओसरला का, असे लोक विचारतात, वय झालेल्या बाईने होकार द्यावा अशा अपेक्षेने. नाही ओसरला. अण्णा गेले तेव्हा मी रडले, मनापासून रडले, आणि तेव्हाही नव्हता ओसरला. मला कोणी अडवले, याचा तो राग नाही. माझे काम हवे होते आणि मी नको होते, आणि हे दोन्ही एकाच घासाबरोबर इतक्या मायेने सांगितले गेले की घरातल्या कोणालाच त्यात काही सांगितले गेले असे वाटले नाही, याचा तो आहे.

त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडून मी शेडच्या मागे, पनेटच्या खोक्यांवर जाऊन बसले. मांडीवर वही ठेवून लिहिले, म्हणून अक्षर तिरके आले आहे. वही अजून माझ्याकडे आहे. पान असे: दुपारी बारा वाजून सोळा मिनिटे. ऐकलेली चिन्हे, सहा. ओळखलेली, सहा. सांगितलेली, शून्य.